रॉकेलच्या ज्योतीवरचा गारवा

मी एक जुना फ्रीज आहे. पण तुमच्या घरात असतो तसा विजेवर चालणारा नव्हे. मी रॉकेलवर चालायचो. माझ्या पायाशी टाकी होती, टाकीत वात होती आणि त्या वातीची ज्योत अखंड जळत राहिली तरच माझं पोट थंड राहायचं.

मित्रांनो, आगीने गारवा कसा होईल, असं तुम्हाला वाटेल. माझ्या पाठीवर नळ्या आहेत. त्यांत अमोनिया मिसळलेलं पाणी असतं. ते तापलं की अमोनियाची वाफ वर चढते, वर निवते आणि परतताना माझ्या पोटातली उष्णता ओढून घेते. हे ठाऊक नसलेले लोक आधी माझ्यात हात घालून बघायचे, मग वाकून ज्योतीकडे बघायचे आणि मान हलवत बाकावर जाऊन बसायचे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी आलो तो थेट डोंगरावरच्या एका छोट्या दवाखान्यात. दोन खोल्या, वर पत्रा, समोर पायऱ्या आणि अंगण. विजेच्या तारा पायथ्यापर्यंत येऊन थांबल्या होत्या. माझ्या पोटात भाजी किंवा दूध कधीच ठेवलं गेलं नाही. माझ्यात लस असायची. काचेच्या इवल्या कुप्या, ओळीने मांडलेल्या. त्यांना फार उष्णता चालत नाही आणि फार थंडीही चालत नाही. पारा दोन अंशांच्या खाली गेला नाही पाहिजे आणि आठच्या वर चढला नाही पाहिजे. एवढ्याशा चिंचोळ्या वाटेवरून मी माझं सगळं आयुष्य चाललो.

मला सांभाळणाऱ्या बाईंना सगळे सिस्टर म्हणायचे. दवाखान्यात डॉक्टर महिन्यातून एखाद्या वेळी यायचे, एरवी सगळा भार सिस्टरांवर. सकाळी आल्या की त्या पर्स ठेवायच्या आधी माझ्यापुढे उकिडव्या बसायच्या. ज्योत निळी असली की उठायच्या. पिवळी असली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, कारण पिवळी ज्योत काजळी धरते आणि काजळीने धुराडं तुंबलं की गारवा जातो. मग नाकाला पदर लावून त्या लांब दांड्याच्या ब्रशने माझं धुराडं घासायच्या. घासून झाल्यावर बराच वेळ खोकायच्या. तो खोकला पुढे पुढे ब्रश हातात नसतानाही यायला लागला. माझ्यामागची भिंत छतापर्यंत काळी झाली होती. तिला कितीदा चुना लावला तरी ती काळीच व्हायची.

माझं रॉकेल सिस्टरांचे धाकटे दीर आणायचे. त्यांचा एक जुना ट्रक होता. सिस्टर त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून मीही भाऊजीच म्हणणार. खाली डेपोतून पिंपं भरायची, घाट चढायचा आणि डोंगरावरच्या वस्त्यांना रॉकेल पोचवायचं, हा त्यांचा धंदा. त्यांची ठमी नावाची पाच वर्षांची मुलगी ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून येई आणि उतरल्या उतरल्या मला विचारी, "भूक लागली का रे?" मला ते फार आवडायचं.

कौतुकही माझ्या वाट्याला आलं. तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले होते, "एवढ्या उंचावर लस एवढी नीट ठेवलेली मी कुठे पाहिली नाही." सिस्टर नुसत्या हसल्या. साहेब निघाले तसं त्या त्यांच्यामागे पायऱ्या उतरत गेल्या आणि म्हणाल्या, "पण साहेब, हा फ्रीज रॉकेलवर आहे आणि रॉकेल रस्त्यावर आहे. रस्ता तुटला तर काय?"

त्या बोलण्याला फळ आलं. सूर्यावर चालणारा एक फ्रीज आणि उन्हापासून वीज करणाऱ्या त्याच्या काळ्या पाट्या दवाखान्यासाठी मंजूर झाल्या. सामान पायथ्याच्या गोदामात येऊन पडलं. वर आणायचं ते भाऊजींच्याच ट्रकने. पण दर खेपेला भाऊजी म्हणायचे, "या वेळी जागा नाही, वहिनी. पुढच्या वेळी बघू."

एकदा सिस्टरांनी त्यांना दारातच थांबवलं. "भाऊजी, खरं सांगा. जागा नाही की मन नाही?"

भाऊजींनी पिंप खाली ठेवलं. "आज तुमच्याकडे पाट्या बसल्या की उद्या शाळेत बसतील, परवा पिठाच्या गिरणीत. मग मी वर काय आणू? माझ्याच हाताने माझ्या पोटावर पाय देऊ का?"

सिस्टरांनी वाकून पिंपाची दुसरी कड धरली. मी ज्योतीवर तसाच उभा होतो.

मग तो पावसाळा आला. आठवडाभर डोंगर दिसला नाही, नुसतं पाणी दिसलं. एका दुपारी जमीन हादरल्यासारखी झाली आणि थोड्या वेळाने कोणीतरी पळत सांगत आलं की घाटात दरड कोसळली, रस्ता गेला. भाऊजींचा ट्रक पिंपांसकट खाली अडकला; ठमी मात्र त्या खेपेला वर घरीच होती.

दुसऱ्या दिवशी खिंडीपलीकडच्या वस्तीतून एक बाई आली. तिच्या शेजारणीचा मुलगा गेला होता. घसा सुजला होता, घशात पांढरा पडदा धरला होता, श्वास घेता येत नव्हता. सिस्टर बाकावर बसल्या. "घटसर्प," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी माझं दार उघडलं, कुप्यांवरून नजर फिरवली आणि लगेच बंद केलं. लस होती. टाकीत मात्र रॉकेल तळाला गेलं होतं.

"वस्तीतल्या सगळ्या पोरांना उद्या सकाळी इथे घेऊन या," सिस्टर त्या बाईला म्हणाल्या. "एकही घरी ठेवू नका."

त्या संध्याकाळी भाऊजी आले ते चालत आले. दरडीच्या चिखलातून, पाठीला रॉकेलचा डबा बांधून. गुडघे खरचटलेले, चपला कुठे तरी राहिलेल्या. त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. सिस्टरांनी टाकी भरली, वात सारखी केली, काडी लावली. ज्योत लागली, तडतडली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"पाणी गेलंय यात," सिस्टर म्हणाल्या.

"झाकण तर घट्ट होतं," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज थकला होता.

दोघांनी फडक्यातून रॉकेल गाळलं, तळाचं पाणी टाकून दिलं, पुन्हा भरलं. ज्योत लागली, पण मलूल. सकाळपर्यंत पारा आठच्या पुढे सरकायला लागला होता. सिस्टरांनी वात मोठी केली, माझ्या पत्र्यावर हात ठेवला. बाहेर अंगणात पोरांचं रडणं सुरू झालं होतं. लसीचा डबा भरून त्या बाहेर गेल्या.

मित्रांनो, ती सकाळ मी विसरू शकत नाही. खिंडीपलीकडची मुलं रांगेत होती. आजार त्यांच्या दारात आला होता, म्हणून सिस्टरांनी त्यांना आधी घेतलं. ठमी आपल्या वडिलांच्या बोटाला धरून पायरीवर बसली होती. तिचाही डोस त्याच महिन्यात द्यायचा होता.

"काकू, माझा नंबर कधी?"

"शेवटी, राणी. ही लांबून आलीत ना."

इकडे माझ्या पायाशी वेगळंच घडत होतं. उरलेलं पाणी जळून गेलं आणि ज्योत एकदम उसळली. नळ्या तापल्या. माझं पोट गार होऊ लागलं, मग फार गार. मला वात खाली करता येत नाही. मला हाक मारता येत नाही. खोलीत कोणी नव्हतं. खालच्या ओळीतल्या कुप्यांवर दव धरलं, मग त्या दवाचा बर्फ झाला.

रांग संपली तेव्हा सिस्टर उरलेल्या कुप्या घ्यायला आत आल्या. दार उघडताच त्या थबकल्या. एक कुपी त्यांनी तळहातात धरून वितळवली आणि उजेडात हलवली. आत कापसासारखे कण तरंगत होते आणि तळाशी बसत होते. गोठून गेलेली लस अशीच दिसते. ती पुन्हा वितळली तरी तिच्यात बळ राहत नाही.

भाऊजी ठमीला घेऊन दारात उभे होते. "झालं का तयार?"

"ही देता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "गोठली."

भाऊजींना आधी कळलंच नाही. मग ते हळू म्हणाले, "डबा मी पाठीवर आणला, वहिनी. आणि माझ्याच पोरीला नाही?"

सिस्टरांनी कुपी खाली ठेवली. त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं नाही, ज्योत मात्र फुंकून विझवली. आता थंड ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढचे काही दिवस दवाखान्यात होती तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग एका सकाळी भाऊजी ठमीला खांद्यावर टाकून आले. तिला ताप होता. सिस्टरांनी तिला आ करायला लावलं आणि टॉर्च धरला. घशात तोच पांढरा पडदा दिसला.

"खाली न्या. आत्ता. कुठेही थांबू नका."

दोघंही निघाले. ठमीला आळीपाळीने पाठीवर घेऊन ते दरड ओलांडणार होते. मी कोपऱ्यात उभा होतो. दवाखान्याचं दार वाऱ्याने उघडत होतं आणि मिटत होतं. येणारे लोक डोकावून, कोणी नाही असं पाहून परत जात होते. ठमीचं काय झालं, हे मला सांगणारं कोणी नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी सिस्टर परतल्या. डोळे खोल गेलेले, पण चालण्यात घाई नव्हती. त्यावरूनच मी समजलो, ठमीचा धोका टळला होता. खालच्या मोठ्या दवाखान्यात ठमीला औषध वेळेवर मिळालं होतं. तान्हेपणी घेतलेल्या लसींनी तिला थोडं तारलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ती वाचली. तिचा आवाज मात्र कितीतरी दिवस घोगरा राहिला.

रस्ता मोकळा झाल्यावर पहिला ट्रक भाऊजींचा आला. मला वाटलं, पिंपं उतरतील. पण त्यांनी मागची फळी पाडली आणि गवतात गुंडाळलेल्या काळ्या पाट्या एकेक करून उतरवल्या, मग नवा फ्रीज. सिस्टर पायरीवर आल्या.

"पुढे काय आणाल मग?" त्यांनी विचारलं.

"शाळेच्या छतासाठी अशाच पाट्या. गिरणीवाल्यालाही विचारून आलोय." भाऊजींनी घाम पुसला. "त्या दिवशी डबा घेऊन चढताना माझ्या मनात येत होतं, हे तेल कुठल्या कुठे जमिनीतून काढतात, बोटीतून, गाडीतून आणतात. आणि एवढं करून शेवटी एका दरडीने अडतं. ऊन तर आपलं रोज दारात येतं. त्याला आणायला कोणाला जावं लागत नाही."

सिस्टर म्हणाल्या, "ढग आले तर?"

"ते तुम्हीच सांगा. मला ट्रक चालवता येतो, ढग नाही."

पाट्या छतावर चढल्या. नवा फ्रीज माझ्या जागी आला आणि मला दाराबाहेरच्या ओट्यावर सरकवलं. ऊन असताना तो आपल्या पोटाच्या भिंतींत बर्फ साठवून ठेवतो आणि ढग आले की त्या बर्फावर तग धरतो, असं बसवायला आलेल्या बाईंनी समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण विश्वास कोणाचाच बसला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात डोंगर पुन्हा ढगात बुडाला. सूर्य दिसेना. सिस्टर दिवसातून कितीदा तरी तापमापक बघायच्या. भाऊजी ट्रक थांबवून आत डोकावायचे. "किती?" "चार." दुसऱ्या दिवशी, "किती?" "पाच." मी ओट्यावरून कान देऊन ऐकायचो. माझा जीव त्या एका आकड्यात अडकलेला असायचा, कारण आत पुन्हा मुलांची लस होती. ढग फाटेपर्यंत पारा सहाच्या वर गेला नाही. सिस्टरांनी कुपी उजेडात हलवली. आत एकही कण नव्हता. त्या दिवशी त्यांनी चहा केला आणि भाऊजींना तो बसून प्यायला लावला.

आता माझ्यात चादरी आणि कापसाचे गठ्ठे असतात. माझं दार नीट लागत नाही. काळी भिंत एकदाची पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. सिस्टरांचा खोकला पूर्ण गेला नाही, पण ब्रश मात्र गेला.

मित्रांनो, माझ्यासारखी पुष्कळ यंत्रं अजून जळत आहेत. कोणी रॉकेलवर, कोणी डिझेलवर, कोणी कोळशावर. त्यांनी आजवर तुमची कामं केली, म्हणून त्यांचा राग करू नका. पण सवयीने त्यांना खायला घालत बसू नका. ज्यांचं पोट त्या धंद्यावर आहे, त्यांना आधी नवं काम द्या. भाऊजींना ते कोणी वेळेवर दिलं असतं, तर पाट्या गोदामात पडून राहिल्या नसत्या. आणि छतावर पाट्या बसवल्यात तर त्यांच्यावरची धूळ पुसत जा. ऊन फुकट येतं, पण काळजी घ्यावीच लागते.

मला कोणी भंगारात देऊ म्हणतं, कोणी ठेवू म्हणतं. जे कराल ते करा. माझी टाकी आता कोरडी आहे. ती कोरडीच राहू द्या.