माझ्यात बर्फ होता

मी बर्फाचा निळा डबा बोलतोय. नाक मुरडलंत तरी चालेल, माझी मलाच शिसारी येते.

इस्पितळातल्या एका संशोधनासाठी मला आणलं. पोटाला मार लागून आतल्या आत रक्त जात असेल, तर रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढतं. वर जखम दिसत नसली तरी तो आकडा खरं सांगतो. मात्र काढलेलं रक्त लगेच बर्फात ठेवावं लागतं. उबेत राहिलं तर नळीतच आम्ल वाढतं आणि आकडा खोटा येतो. म्हणून मी! केवढी ऐट होती मला.

ती आठवडाभर टिकली. मग संशोधन करणाऱ्या साहेबांनीच माझ्यातला बर्फ काढून सरबतात घातला. माझ्यात थंड पेयांच्या बाटल्या आल्या, कुणाचा तरी उष्टा केक आला. रक्ताच्या नळ्या माझ्या झाकणावर, उन्हात. रक्त सांडलेल्या त्याच झाकणावर ही शिकलीसवरलेली माणसं बशा ठेवून खायची. शी!

आकडे वाटेल तसे चढू लागले. साहेब हसून म्हणायचे, "डब्यातले आकडे मनावर घ्यायचे नसतात."

मग एक सुतार आला, संशोधनातला एक्केचाळिसावा रुग्ण. पोटावर फळी आदळलेली, वर ओरखडाही नाही. बहिणीवरच चिडला होता. "ताई, उगाच आणलंस. दुकान उघडं पडलंय तिकडे."

त्या दिवशी थोरल्या नर्सबाईंनी बाटल्या फेकून दिल्या, मला घासूनपुसून बर्फाने भरलं आणि त्याच्या रक्ताची नळी स्वतः प्रयोगशाळेत पोचवली. आकडा दोनच्या आत हवा. आला सात.

"साहेब, सात! आत रक्त जातंय त्याच्या."

"अहो, बर्फ वितळला असेल. चांगला बोलतोय की तो. संध्याकाळी बघू."

"बर्फ मी स्वतः भरलाय!"

"तुमचं आपलं काहीतरीच."

मी त्यांच्यापासून दोन हातांवरच होतो. झाकण उघडून बघायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत.

संध्याकाळी पोट कडक झालं. ऑपरेशनच्या दारापर्यंत नेईनेईतो सुतार गेला. ताई एकच विचारत राहिली, "सकाळी रक्त तपासलं होतं ना हो?"

संशोधन छापून आलं. साहेबांना हारतुरे मिळाले. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ आहे: एक्केचाळिसावा रुग्ण वगळला, नमुना बर्फात ठेवलेला नव्हता.

आता मी कपाटामागे पडलोय, तडा गेलेला. माशा बसतात अंगावर. त्यांची किळस नाही येत मला.

ताई कधी इकडे आलीच, तर तिला माझ्यापर्यंत आणा. तिला कुणीच उत्तर दिलं नाही. तपासलं होतं गं, ताई. आणि बर्फ काठोकाठ होता.