पानाच्या तळाचं नाव

चष्मा पुसता पुसता मुद्रितशोधकाला उस्तादचं पत्र आठवलं आणि रोजच्यासारखंच बरं वाटलं. त्या पत्राला आता चौदा महिने झाले होते. ‘काका, पुस्तिका सांभाळायला स्वयंसेवक मिळत नाही. तीनदा आवाहन केलं, एकही हात वर झाला नाही. तुम्ही परत या ना.’ त्याने उत्तर दिलं नव्हतं. कुणाला तोंडावर उलट बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. गप्प बसणं मात्र झकास जमत होतं.

त्याने कॉम्प्युटर सुरू केला आणि उत्तराचा मसुदा उघडला. तो पुरा झाला नव्हता, कारण पुरा करायचाच नव्हता. रोज एखादा शब्द काढायचा आणि त्याहून झोंबणारा घालायचा.

“अजून तेच पत्र?” बायको दारातून म्हणाली. “एवढ्या वेळात लोक कादंबऱ्या लिहून मोकळे होतात.”

“कादंबरीत एवढं खरं नसतं.”

“मग पाठवा तरी, नाहीतर पुसून टाका. घरात दोघंच राहतो असं वाटतच नाही मला. तिसरा तो उस्ताद.”

नोकरीतून सुटल्यावर तो एका प्रोग्रॅमच्या नादी लागला होता. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम, हौशी माणसांनी रिकाम्या वेळात बांधलेला. कुणीही फुकट वापरावा, कुणीही सुधारावा. तरुण मंडळी प्रोग्रॅम लिहीत. तो वापरायचा कसा, हे सांगणारी पुस्तिका मुद्रितशोधक लिही. त्याची रीत म्हणजे एक ओळ लिहायची, तसं करून बघायचं, मगच पुढची ओळ. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं असे, ‘हे पान शेवटचे करून पाहिले’, आणि पुढे नाव. नऊ वर्षांत एकशे सत्तर पानांखाली त्याचं नाव आलं होतं.

मग एका वार्षिक मेळाव्यात, भरल्या सभेत, उस्ताद म्हणाला होता, “पुस्तिका म्हणजे औषधाच्या खोक्यातला कागद. वाचत कुणी नाही, पण घालावा लागतो.” उस्ताद प्रकल्पाचा प्रमुख. सगळं सभागृह हसलं. मुद्रितशोधकाने डूख धरला तो त्या वाक्यासाठी नव्हे. सगळ्यांबरोबर तो स्वतःही हसला होता, त्यासाठी. घरी आल्यावर त्याने पुस्तिकेचं काम सोडलं.

मसुद्याचा गाभा एका बटणाचा होता. ‘सगळं पुसा’ हे बटण पूर्वी फक्त चालू नोंदी पुसायचं. म्हणून पुस्तिका सांगायची, आधी ते दाबा, मग बॅकअप परत चढवा. पुढे उस्तादने कुणाला न सांगता बटणाचं काम बदललं. आता ते बॅकअपही पुसत होतं. पान मात्र जसंच्या तसं राहिलं. आज ना उद्या कुणीतरी ते दाबेल, बोंब होईल, आणि मग हे पत्र सुटेल. तोवर धार लावत बसायचं.

दुपारी फोन वाजला.

“पुस्तिकावाले काका का? जुन्या आवृत्तीत तुमचा नंबर सापडला.” आवाज बाईचा होता, घोगरा. “मी एका लहानशा ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. काल बॅकअप चढवायचं पान उघडलं आणि शब्दाला शब्द तसं केलं. नोंदी गेल्या आणि बॅकअपही गेला. काही करता येईल का हो?”

त्याचा पहिला श्वास सुखाचा होता. हे त्याला स्वतःलाच कळलं, आणि त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“किती नोंदी होत्या?”

“अकरा हजार. सहा वर्षं लागली. मी आणि आमचे दोन पेन्शनर. त्यातल्या एकाने तर मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं, म्हणाला, आधी कवितेचं कपाट संपवू दे.” ती हसायला लागली आणि मधेच थांबली.

“परत नाही यायच्या,” तो म्हणाला.

“वाटलंच होतं. उस्तादांना लिहिलं तर म्हणाले, पुस्तिकेची चूक, पुस्तिकावाल्याला विचारा.”

त्याचे कान तापले. “बटण दाबताना सूचना आली नाही?”

“आली की! लाल अक्षरांत, ‘खात्री आहे ना?’ म्हणून. मी थांबलेसुद्धा. मग पानाखाली तुमचं नाव बघितलं. म्हटलं, काकांनी स्वतः करून बघितलंय, आपण कोण शंका घेणारे?”

त्याने ते पान पडद्यावर उघडलं.

“असो. सोमवारी पहिल्या कपाटापासून सुरुवात करते. पण ते पान आजच्या आज बदला हो. आमच्यासारखी पुष्कळ आहेत.”

त्याने आधी पान बदललं. दोनदा करून पाहिलं. मग मसुदा उघडला. हवं ते सगळं आता जुळून आलं होतं. बटण बदलल्याची तारीख होती, बुडालेलं ग्रंथालय होतं, आणि हात झटकणारा उस्तादही होता. त्याने ग्रंथपालबाईंची हकीकत शेवटी जोडली. उस्तादचा पत्ता खोडून सगळ्या प्रकल्पाचा सामायिक पत्ता घातला. एकही झोंबणारा शब्द काढला नाही. मग पेन्सिलीचं टोक पडद्यावर धरून तो मुद्रितं तपासल्यासारखं एकेक ओळ वाचत गेला. बटण बदलल्याच्या ओळीवर टोक थांबलं. तिथून कालपर्यंत थेट उडी होती. मधली तारीख दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आली नसती.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“एक ओळ राहिलीय.”

त्याने ती लिहिली. ‘बटणाचं काम बदलल्याचं मला अकरा महिन्यांपूर्वीच कळलं होतं. मी कळवलं नाही, कारण कुणाचं तरी नुकसान होण्याची वाट पाहत होतो.’ ही ओळ सौम्य करायला त्याला दोन-तीन शब्द सुचले. त्याने ते घातले नाहीत. अगदी खाली लिहिलं, ‘पुस्तिकेला अजून माणूस हवा असेल, तर वरचं सगळं वाचून मग सांगा.’

पाठवायचं बटण दाबून झाल्यावरही त्याचं बोट तिथेच होतं.

“गेलं?” बायको म्हणाली.

“गेलं.”

“उस्तादला?”

“सगळ्यांना.”