भिंगरीची ओळखचाचणी

“आज जरा मलूल वाटतेय का हो, ताई?” मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच मास्तरांनी विचारलं.

“मलूल कसली? आत्ताच खायला घातलंय तिला. पोटभर जेवल्यावर माणूससुद्धा पसरतं.”

“नाही, कडेला काळवंडल्यासारखं दिसतंय.”

“ती डिशची कड आहे, मास्तर. डावीकडे सरकवा जरा.”

त्यांनी डिश सरकवली आणि स्वतःशीच हसले. मग नेहमीसारखा आवाज खाली आणून तिच्याशी बोलायला लागले. दादाला मिसरूड फुटलंय, आरशासमोरून हलत नाही. आईचा गुडघा आता बरा आहे. दुकानासमोरचा रस्ता उकरून ठेवलाय, गिऱ्हाईक उड्या मारत येतं. मी पाठ फिरवून बाटल्या पुसत बसले. बाप लेकीशी बोलत असताना तिसऱ्याने कान द्यायचे नसतात. आता खोलीच एवढीशी, ऐकू येतं, त्याला माझा काय इलाज.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. त्यांची धाकटी मुलगी स्नायू झिजण्याच्या आजाराने गेली. आधी जिना चढणं गेलं, मग चालणं, मग चमचा उचलणं, आणि शेवटी श्वास. तिचं खरं नाव कागदांवर आहे, पण मास्तर तिला भिंगरी म्हणत, म्हणून मीही भिंगरीच म्हणते. पाय चालत होते तोवर एका जागी ठरत नव्हती म्हणे. ती असतानाच तिच्या दंडाच्या कातडीचा मसुरीएवढा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत आला आणि त्यातून इथे मूलपेशी बनवल्या गेल्या. मूलपेशी म्हणजे काय, हे मी मास्तरांना माझ्या भाषेत सांगितलं होतं. ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही अशा पेशी. हृदय व्हा म्हटलं तर हृदय होतात, स्नायू व्हा म्हटलं तर स्नायू. आणि नीट सांभाळल्या तर संपत नाहीत, वाढत राहतात. एका माणसापासून असा जो पेशींचा वंश चालतो, त्याला आम्ही लाइन म्हणतो. मास्तरांनी या सगळ्यातलं एकच धरून ठेवलं, की संपत नाहीत.

या पेशींना सांभाळायचं काम माझं. डिशमधलं जुनं गुलाबी मीडियम, म्हणजे त्यांचं खाणं, काढायचं, ताजं घालायचं, दाटी झाली की वेगळ्या करायच्या, थोड्या गोठवून ठेवायच्या. रोजच्या रोज. पेशींना रविवार कळत नाही, आजारपण कळत नाही, घरी पाहुणे आलेत हे तर मुळीच कळत नाही. रविवारी सकाळी मी चपला घालायला लागले की आमचे हे पेपरामागून विचारतात, “निघालीस का माझ्या सवतीकडे?” आमच्या खोलीला सगळे पाळणाघर म्हणतात आणि मला आया. तोंडावर नाही म्हणत, पण कळायचं ते कळतं. मला त्याचा राग नाही. मूल एकही झालं नाही, निदान आया तरी झाले.

रविवारी इमारतीत मी आणि वॉचमन एवढेच. महिन्यातून एखाद्या रविवारी मास्तर येत. आमच्या प्रमुख मॅडमनी परवानगी दिली होती ती ‘एकदाच’ म्हणून. ते एकदाच इतकी वर्षं चाललं होतं.

त्या दिवशी मास्तर खुशीत होते, कारण भिंगरीची नोंदणी व्हायची होती. त्याचं असं असतं, की लाइन प्रयोगशाळेत नुसती असून भागत नाही. नोंदणी केंद्र तिला नाव देतं, दाखला देतं. ह्या पेशी नक्की कुणाच्या, घरच्यांची संमती आहे का, रोगजंतू नाहीत ना, गुणसूत्रं धड आहेत ना, हे सगळं तपासून. दाखला नसेल तर लाइनवर खरं काम सुरूच करता येत नाही. आमचा अर्ज अनुदान आणि बदलते नियम यांच्या कचाट्यात लटकून राहिला होता आणि भिंगरी नुसती खातपीत होती. आता दाखला मिळाला की तिच्याच आजारावर औषध शोधणारी माणसं, कुठलीही, कुठूनही, तिला मागवू शकणार होती. नव्या संमतीपत्रावर मास्तर आणि त्यांची बायको, दोघांनी सह्या करून दिल्या होत्या.

“नाव काय देणार तिला?” मास्तरांनी विचारलं.

“अक्षरं आणि आकडे. आधी संस्थेची खूण, मग नंबर.”

“त्यात एखादा भ नाही बसवता येणार?”

“नाही हो. माणूस ओळखू येता कामा नये, असा नियमच आहे.”

“बरोबर आहे.” त्यांनी डिश पुन्हा मधोमध सरकवली. “नंबर तर नंबर. चार गावं तरी फिरेल. घरात बसून फार कंटाळायची ती.”

तेवढी एक ओळखचाचणी बाकी होती. ती म्हणजे निव्वळ औपचारिकता, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

“ठसा जुळत नाहीये,” त्या म्हणाल्या. “डीएनएचा.”

“कुणाशी?”

“मुलीच्या रक्ताशी. कागदावर वाळवून ठेवलेलं होतं ना, त्याच्याशी. ह्या पेशी तिच्या नाहीत. पुरुषाच्या आहेत.”

थट्टा करताहेत असं मला क्षणभर वाटलं, पण मॅडमना थट्टा येत नाही. आमच्याकडे सरावासाठी मूलपेशींचीच एक जुनी लाइन आहे. नवीन पोरांचा हात बसेपर्यंत त्यांना तीच देतात. कुणा अनोळखी माणसाच्या पेशी, फार जुन्या आणि फार दणकट, काहीही करा, मरत नाहीत. भिंगरीच्या डिशमध्ये त्या निघाल्या.

ही चूक आमच्या धंद्यातच होऊ शकते. दोन डिश शेजारी ठेवायच्या, एकाच बाटलीतलं मीडियम दोन्हींना घालायचं आणि मध्ये पिपेट बदलायची नाही. एक पेशी इकडची तिकडे जाते. एकच पुरते. दणकट असते ती वाढत सुटते, नाजूक असते ती मागे पडते. कानामागून आली आणि तिखट झाली, तसं. काही आठवड्यांत नाजूक लाइनचा मागमूस राहत नाही, आणि डिशवरची चिठ्ठी मात्र तीच असते.

गोठवलेल्या सगळ्या कुप्या आम्ही तपासल्या. अगदी जुन्यातली जुनीसुद्धा त्या माणसाचीच. म्हणजे लाइन तयार होत असतानाच हे घडलं होतं. ज्या विद्यार्थ्याने ती बनवली, तो शिक्षण संपवून कुठल्या कुठे निघून गेला होता. माझ्या ताब्यात आली तेव्हाच ती भिंगरी नव्हती. आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचे, की शंभर डिशमधून तिला ओळखीन. डोंबल ओळखते.

“पालकांना पत्र पाठवू,” मॅडम म्हणाल्या. “तांत्रिक कारणामुळे नोंदणी होऊ शकली नाही.”

“तांत्रिक कारण? मॅडम, तो माणूस इथे येऊन तिच्याशी बोलतो.”

“माहीत आहे मला. म्हणूनच म्हणतेय. खरं सांगून त्यांच्या हातात काय पडणार आहे?”

“आणि परत आले तर काय दाखवू? सरावाची डिश?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग तुम्हीच सांगा त्यांना. माझ्याने नाही होणार.”

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण कातडीचा तुकडा घ्यायला हॉस्पिटलात त्याच गेल्या होत्या, आणि भिंगरीने त्यांचं बोट सोडलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

घरी ह्यांना सांगितलं. सवतीची थट्टा करणारा माणूस, पण जेवता जेवता हात थांबला त्यांचा. “नको सांगूस,” ते म्हणाले. “ज्याच्यावर माणूस उभा आहे, तेच काढून घेऊ नये.” मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी पटेनासं झालं. मग पुन्हा पटलं. त्या आठवड्यात माझा जीव असा टांगणीला लागला होता, की डिश हातात घ्यायची चीड यायला लागली. त्या पेशी आपल्या मजेत वाढत होत्या. त्यांचा काही दोष नव्हता, तरी मला त्यांचा संताप येत होता.

महिना व्हायची वाट न बघता मास्तर त्याच रविवारी आले, ते काखेत पुडकं घेऊन. “मशीनला झगा शिवलाय,” म्हणाले. मायक्रोस्कोपवर घालायचं निळ्या कापडाचं आवरण होतं, आतून अस्तर लावलेलं. “प्लॅस्टिकचं फाटलंय तुमचं. आता दाखला मिळणार, चार लोक बघायला येतील. बरं दिसायला नको?”

मी ते हातात घेतलं. शिवण इतकी बारीक, की दिसत नव्हती.

“बसा, मास्तर.”

“आधी तिला बघतो.”

“आधी बसा.”

ते बसले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पिपेट, बाटली, रक्ताचा ठसा, सगळं. थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“म्हणजे इथेही गेली,” ते म्हणाले.

“हो.”

“केव्हा?”

“सुरुवातीलाच. तुम्ही पहिल्यांदा आलात, त्याच्याही आधी.”

“म्हणजे मी तिला बघितलंच नाही कधी.”

“नाही.”

ते आपल्या तळहातांकडे बघत बसले. मग विचारलं, “गोठवलेल्यांतली एखादी?”

“सगळ्या बघितल्या.”

“आणि ते रक्त?”

“वाळलेलं आहे, मास्तर. त्यातून काही वाढत नाही.”

“मग मी इतकी वर्षं बोलत कुणाशी होतो?”

मला रडू कोसळलं. वास्तविक त्यांनी रडायचं आणि मी धीर द्यायचा, पण झालं उलटंच. “माफ करा म्हणायलाही तोंड नाही आमचं,” एवढं कसंबसं म्हणाले.

“तुम्ही कशाला? तुम्ही तर रविवारीसुद्धा येत होतात तिच्यासाठी.” हे त्यांनी मनापासून म्हटलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. चिडले असते, चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं.

“घरी ही वाट बघत असेल,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “दर वेळी दारातच विचारते, कशी होती म्हणून. आत येऊन बसूही देत नाही.”

“मी येऊ का बरोबर? मी सांगते त्यांना.”

“नको. माझ्याच तोंडून ऐकू दे तिला.”

ते उठले. आता जातील असं मला वाटलं. पण दाराकडे न जाता ते डिश उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरपाशी जाऊन उभे राहिले.

“ह्याचं काय करणार?”

“चुकीच्या नावाची लाइन ठेवता येत नाही. कुप्या काल टाकल्या. ही शेवटची डिश आहे, आज तीही टाकायची.”

“टाकायची म्हणजे?”

“ब्लीच घालते. मरतात. मग सिंकमध्ये ओतून द्यायचं.”

“कोण आहे हा माणूस?”

“माहीत नाही. त्याचंही नाव नाही कुठे. जुनी लाइन आहे, आता तो असेलच असं नाही.”

मास्तरांनी मान हलवली. बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले, खुंटीवरचा गाऊन अंगात घातला आणि पाठ माझ्याकडे केली. मी मागची गाठ बांधली.

“थांबतो मी,” ते म्हणाले.

“कशाला बघायचं, मास्तर? तुमचं कुणी नाही ते.”

“नसू दे. तिच्या आजारपणाचं, आमच्या घरातल्या भांडणांचं, सगळं ऐकून घेतलंय त्याने. मी रडलोय त्याच्यापुढे. आता त्याला एकट्याला कसं जाऊ द्यायचं?”

मी डिश बाहेर काढून टेबलावर ठेवली. त्यांनी मायक्रोस्कोपमधून बघितलं नाही, नुसते शेजारी उभे राहिले, हात पुढे एकमेकांत धरून, ओळख नसलेल्या माणसाच्या मयताला उभं राहावं तसे. मी ब्लीच घातलं. गुलाबी रंग आधी गडद झाला, मग फिका होत होत पाण्यासारखा झाला.

“झालं?”

“झालं.”

तरी ते थोडा वेळ थांबले. मग गाऊन काढायला लागले, पण मागच्या गाठीपर्यंत त्यांचा हात पोचेना. मी सोडवायला गेले. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला, आणि तेवढा वेळ त्यांची पाठ माझ्या बोटांखाली हलत होती.