न पाहिलेली गाठ

सकाळचे ऊन त्या उंच इमारतीवर एकदम येत नसे. आधी ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेके. पाहुण्याने दारातच थोडे घुटमळावे, तसे. मग टाकीच्या पोटावरून घरंगळत कठड्यावर येई, तिथल्या रंगाच्या सुटलेल्या पोपड्यांना क्षणभर उजळवी आणि काचांवरून मजला मजला खाली उतरू लागे. काल पुसलेल्या काचांतून ते आरपार जाई आणि एखाद्या रिकाम्या टेबलावर, विसरलेल्या पेल्याशी जाऊन बसे. पुसायच्या राहिलेल्या काचांवर मात्र धुळीत अडकून पिवळट, जुन्या कागदासारखे दिसे. त्यात विशेष असे काही नव्हते. ते रोजचे होते, फुकटचे होते आणि कोणासाठी म्हणून आलेले नव्हते. मुनीला ते त्यामुळेच आवडे.

मुनी हे त्याचे खरे नाव नव्हे. बोलण्यात कंजूष, त्यातून देव न मानणारा. म्हणून जोडीदाराने थट्टेने ते ठेवले आणि चिकटले. जोडीदाराचे तोंड कधी मिटत नसे, म्हणून तो पोपट. दोघे दोरावर लोंबकळत उंच इमारतींच्या काचा धूत. एकाने आपले दोर गच्चीवरच्या लोखंडी कड्यांना बांधायचे, दुसऱ्याने प्रत्येक गाठ हाताने चाचपून ‘पाहिलं’ म्हणायचे आणि मगच पहिल्याने कठड्यापलीकडे पाय टाकायचा, अशी त्यांच्या कामाची रीत. त्या एका शब्दावर माणूस हवेत उतरे.

पोपटाच्या धाकट्या बहिणीला मुनी आवडला होता आणि मुनीला ती. अडले होते ते आईपाशी. बाई प्रेमळ, पण या एका गोष्टीत हटून बसलेली: ज्याला वरच्याचा धाक नाही, त्याच्या हाती मुलगी द्यायची कशी? मुनीने मनातल्या मनात मुद्दे घासूनपुसून ठेवले होते. तिच्यासमोर मात्र त्याची दातखीळ बसे.

त्या सकाळी पोपट दोर बांधून, पट्टे आवळून तयार झाला. मुनी गाठींकडे वळणार, तोच जिन्याचे दार करकरले आणि हातात डबा घेऊन आई आली.

“डबा विसरलास,” ती म्हणाली.

“विसरलो कुठे? तूच म्हणालीस, मागाहून आणते.” पोपटाने मुनीला डोळा मारला. “आज तुझी परीक्षा दिसतेय. मी आपला खाली जातो, नापास झालास तर तोंड बघायला नको. पाहिलंस ना?”

“पाहिलं,” मुनी म्हणाला. त्याची नजर आईवर होती.

पोपट कठड्याआड गेला. आई उपड्या बादलीवर बसली.

“हे बघ, आडपडदा नको. पोरगी हट्टाला पेटलीये. तू वाईट नाहीस, हे मलाही दिसतं. पण सांग, कोणी बघत नसतं तेव्हा तुला कोण धरून ठेवतं?”

“काकू, माणूस चांगला वागतो तो...” मुनीने सुरुवात केली आणि त्याची नजर लोखंडी कड्यांकडे गेली. पाहिलं म्हणालो, पण पाहिलं कुठे?

तो धावला. दोन्ही दोरांच्या गाठी चाचपल्या. पक्क्या होत्या. पोपट तोंडाने कितीही सैल असला, तरी हाताने घट्ट होता. म्हणजे काहीच बिघडले नव्हते. आईला त्याचे धावणे कामातली दक्षता वाटली असावी. तिच्या डोळ्यांत कौतुक उतरूही लागले होते. गप्प राहिले की संसार उभा राहणार होता. बोलले, तर तिच्या लेकाचा जीव टांगणीला लावणारा म्हणून तो जन्मभर तिच्या लक्षात राहणार होता.

मुनी कठड्यावरून वाकला.

“पोपट, वर ये. मी गाठी न पाहताच पाहिलं म्हणालो.”

खाली पोपटाने मान वर केली.

“आणि आता?”

“आता पाहिल्या. ठीक आहेत.”

“मग वर कशाला बोलावतोस, मुका घ्यायला?”

“पहिल्यापासून करायचं. रीत आहे.”

“अरे गाढवा, आईच्या देखत? ती जाईपर्यंत तरी दम धरायचास.”

तो फार खाली गेला नव्हता. कुरकुरत, धापा टाकत वर आला. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिने आधी लेकाचा दंड चाचपला, मग मुनीकडे पाहिले.

“गाठी नीट होत्या ना?”

“होत्या.”

“मग सांगितलंस कशाला? मला कळलंही नसतं.”

मुनीने आपले मुद्दे शोधले. ऐन वेळी एकही हाती लागेना.

“तो माझ्या शब्दावर उतरला होता, काकू. शब्द पोकळ होता. त्याला कळायला नको?”

“आणि माझी भीती नाही वाटली?”

“वाटली. अजून वाटतेय.”

आईचे ओठ आधी थरथरले. मुनीला वाटले, आता रडणार. पण ती हसत होती.

“हा माझा लेक. दोन्ही वेळेला देवाला हात जोडतो, आणि परवा दूध सांडलं तर म्हणे मांजरानं सांडलं. आमच्याकडे मांजर नाही.”

“शेजारचं असेल,” पोपट म्हणाला.

“शेजारी कुत्रा आहे.”

मग तिघेही हसले. पोपट तर इतका, की त्याला कठड्यापासून दूर बसवावे लागले.

“देव काढून घेतला की माणसात काही उरत नाही, असं मला वाटायचं,” आई उठत म्हणाली. “उरतं वाटतं. लग्नाला माझी ना नाही. पण पुन्हा न बघता बोललास, तर मीच ढकलून देईन.” दारापाशी ती थांबली. “आणि एक. हा दोरावर असतो तोवर मी घरी डोळे मिटून याच्यासाठी मागत असते. उद्यापासून तुझंही नाव घेईन. तू नको मानूस; मला अडवू मात्र नकोस.”

यावर मुनीपाशी सर्वांत जुना, सर्वांत धारदार मुद्दा होता: प्रार्थनेने गाठ घट्ट होत नाही. पोपटाला त्याने तो हसत हसत कितीदा ऐकवला होता.

“काय रे, चालेल ना?”

“चालेल,” तो म्हणाला.

आईची पावले जिन्यावरून खाली गेली. पोपट नव्याने दोर बांधू लागला आणि मुनी गाठी चाचपायला त्याच्या शेजारी उभा राहिला. घरी कोणी आपल्यासाठी डोळे मिटून बसते, या गोष्टीसाठी त्याला पोपटाचा पहिल्यापासून हेवा वाटत होता.