देव झालेली कात्री

अमरावतीच्या कॅम्पात साहेबांच्या बंगल्याभोवती दोनशे हात मेंदीचं कुंपण होतं. ते सरळ ठेवण्यासाठीच शेषराव माळ्याचा जन्म झाला, असं बंगल्यात सगळ्यांचं मत होतं. शेषरावाचंही होतं. बदल्यात मागची खोली, विहिरीचं पाणी आणि बायकोला झेंडू लावायला दोन वाफे मिळाले होते. कुंपण वाकडं झालं की हे तिन्ही जाणार, याची आठवण हेडक्लार्क भगवंतराव न विसरता देत.

बावीस वर्षं एकच विलायती कात्री. काम झालं की पात्यांवरचा चीक घासलेटच्या फडक्यानं पुसायचा, पथरीवर धार लावायची, मधल्या पेचात जवसाचं तेल सोडायचं आणि खुंटीला टांगायची. स्वतःच्या दाढीकडं शेषरावाचं इतकं लक्ष नसे.

एकोणीसशे अडतीसची खंडेनवमी जवळ आली तेव्हा त्याच्या बायकोनं, माणिकबाईनं ठरवलं, की एवढ्या राबणाऱ्या कात्रीची पूजा नीट व्हावी. आदल्या संध्याकाळी तिनं पाती चिंच आणि राखेनं लख्ख घासली. बावीस वर्षांचं तेल निघालं. मग पेचासकट दह्यादुधाची आंघोळ, हळदकुंकू आणि वर ओलाचिंब झेंडूचा हार. आता दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नव्हता.

नवमीच्या सकाळी भगवंतराव आले. "शेषराव, मोठे साहेब उद्या नऊला येऊन राहिले. दोन दिवस मुक्काम. कुंपणाचे शेंडे हातभर वर आलेत. नागपूरचा माळी मी सांगून ठेवला आहे."

"बाबूसाहेब, कात्री पूजेत हाये."

"मग देवाला सांगा."

शेषरावानं देवाला सांगितलं, कान धरले आणि हार उचलला. पात्यांवर जिथं जिथं फूल होतं, तिथं तिथं तांबूस गंज. मुठी ओढल्या. कात्री उघडेना.

"अवं, हे काय केलं तू?"

"मी काय केलं? बावीस वरसांत कोनं आंघोळ तरी घातली व्हती का तिले?"

तो शालिकराम लोहाराकडं धावला. ऐरणीवर हार होता.

"पेच ढिला करून दे, बापा. घर जाते माह्यं."

"देवाच्या डोक्यात घन घालू काय, शेषराव? मले लेकरंबाळं हायेत."

शिंप्याची कात्री पाटावर होती, न्हाव्याचा वस्तरा कोनाड्यात, विळे तुळशीपाशी. गावात ज्याला ज्याला धार होती, ते सगळं त्या दिवशी देव झालं होतं. इतक्या देवांत एकही उपयोगाचा नव्हता.

मग नवराबायको नखांनी शेंडे खुडायला लागले. दिवस मावळेपर्यंत साठ हात झालं. माणिकबाईचे हात लग्नानंतर पहिल्यांदाच रंगले.

"मले वाटलं, तिलेबी बरं वाटन," ती म्हणाली.

दसऱ्याला नऊ वाजता मोटार आली. मोठ्या साहेबांनी कुंपण पाहिलं: साठ हात उंदरांनी कुरतडल्यासारखं, पुढं घोड्याची आयाळ. भगवंतरावांना इंग्रजीत एक शब्द बोलून ते आत गेले. शेषरावाला इंग्रजी येत नव्हतं; हा शब्द मात्र कळला.

"खोली खाली करा," भगवंतराव म्हणाले.

"कागद द्या, बाबूसाहेब. तुमचाच हुकूम हाये. बिनाकागदाचं चौकीदार सामान नेऊ देत नाही."

भगवंतराव टेबलाशी गेले. दौत आणि टाक हळदकुंकवात बसले होते, वर माणिकबाईच्याच वाफ्यातला झेंडू. त्यांनी हात पुढं केला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. तीस वर्षांत दसऱ्याला त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"उद्या अकराला," ते म्हणाले. "पहिला कागद तुमचाच."

शेषराव उंबऱ्यात कात्री घेऊन बसला; अकराच्या आत कुंपण सरळ झालं तर कागद टळेल, एवढीच आशा होती. माणिकबाई पेचावर जवसाचं तेल थेंब थेंब सोडत होती, तो मुठी ओढत होता. दुपार टळली. तळव्यांना फोड आले. लोक सोनं वाटायला निघाले. शालिकराम आला, आपट्याची पानं हातावर ठेवून हळूच म्हणाला, "सकाळी ऐरण पुन्हा लोखंड होते. उजाडताच ये."

तो जातो न जातो तोच पेच कर्र वाजला. पाती बोटभर उघडली.

माणिकबाईनं हात जोडले.

"नमस्कार नको," शेषराव म्हणाला, "तेल सोड."