जावळ आणि वाटाघाटी

"काशान म्हणा, उस्ताद. कुणी विचारलं तर सरळ काशान म्हणून मोकळे व्हा. गुलाबपाण्याचं गाव आहे, कुणाला त्याची भीती वाटत नाही."

आर्मेनियातल्या येरेवानच्या स्वस्त लॉजमधे नाश्त्याच्या टेबलाशी बसून, त्याच्यासारख्याच व्हिसासाठी आलेल्या तेहरानच्या बहमनीबाई हा सल्ला देत होत्या. उस्ताद नुसरतचा घास घशात अडकला. हाच सल्ला त्याला बसच्या ड्रायव्हरने दिला होता आणि सरहद्दीवरच्या रांगेत एका कॉलेजच्या पोरानेही दिला होता. सगळं जग जणू त्याला फुकट काशानकर करून घ्यायला निघालं होतं.

"आणि पासपोर्टावर नतंज छापलंय, त्याचं काय करू? खोडरबर आणू?" तो म्हणाला. "बाई, आमच्या गावाला शंभर पिढ्या नासपती पिकते. पण तिकडे दूर वाळवंटात त्यांनी तो अणूचा कारखाना काढला, आणि आता नतंज म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जसा काही मी खिशात बाँब घेऊनच हिंडतोय."

"खिशात काय आहे ते मी मघाशी पाहिलं," बहमनीबाई म्हणाल्या. "वस्तरा आहे. नतंजचा माणूस वस्तरा घेऊन परक्यांच्या वकिलातीत निघालाय! ठेवा तो इथे."

उस्तादाने जीभ चावली आणि वस्तरा बाईंच्या हवाली केला. तो त्याच्या वडिलांचा वस्तरा होता. उस्ताद नतंजचा सलमानी. केस कापायचे, दाढ्या करायच्या आणि गावातल्या पोरांची जावळं काढायची, हा घराण्याचा धंदा. त्याचा हात इतका हलका, की जावळ काढताना पोर रडलं तर लोक पोराला नावं ठेवत. आता त्याच्या एकुलत्या एका लेकीचे, फहीमेचे, दिवस भरत आले होते. ती परदेशात होती. आई नसलेल्या पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि पहिल्या नातवंडाचं जावळ. ते आजोबाच्याच हातून निघायला हवं, हे तिनेच ठरवून टाकलं होतं.

घोडं अडलं होतं व्हिसापाशी. फहीमेच्या देशाची वकिलात तेहरानात नव्हतीच. तिथल्या सरकारचं आणि इराणच्या सरकारचं इतकं बिनसलेलं, की व्हिसा मागायलासुद्धा तिसऱ्याच देशात जाऊन दार ठोठावावं लागे. म्हणून हा येरेवानचा वनवास.

"बाबा, तिथे एकच प्रश्न महत्त्वाचा," फहीमेने फोनवर घोकून घेतलं होतं. "कारखान्यातल्या कुणाला ओळखता का, असं विचारतील. तुम्ही फक्त 'नाही' म्हणा. एक शब्द. बाकी गप्पा नकोत. तुम्हाला गप्पांची खोड आहे."

"नाही," उस्तादाने बसमधे, जेवताना, झोपताना म्हणून पाहिलं होतं.

वकिलातीतल्या खिडकीची काच जाड होती. पलीकडच्या तरुण बाईचं फारसी पुस्तकातून शिकल्यासारखं स्वच्छ होतं.

"व्यवसाय?"

"सलमानी. केस कापतो."

"कुठे?"

"नतंजला."

बाईंची बोटं कळफलकावर थांबली. "नतंजच्या अणुप्रकल्पात काम करणाऱ्या कुणाला ओळखता का?"

"नाही," उस्ताद म्हणाला. शब्द अगदी घोकल्यासारखा बाहेर आला.

"दुकान केव्हापासून आहे?"

"लग्नाच्या आधीपासून. त्याआधी वडिलांचं होतं."

"म्हणजे आयुष्यभर तुम्ही गावातल्या लोकांचे केस कापता," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि त्यातल्या कुणालाच ओळखत नाही."

त्या टोमणा मारत नव्हत्या. टोमणा मारला असता तर उस्ताद चिडला असता आणि खोटं धरून बसला असता. पण ते वाक्य त्याला स्वतःच्याच कानाला इतकं हास्यास्पद लागलं, की त्याची मान खाली गेली. सलमानी, आणि कुणाला ओळखत नाही! गावात कुणी ऐकलं असतं तर हसून हसून मेलं असतं.

"ओळखतो," तो म्हणाला. "सगळ्यांना ओळखतो, बाई. त्यातल्या निम्म्यांची जावळं मी काढलीत. कुणाच्या डोक्यात कोंडा आहे, कुणाला दोन भोवरे आहेत, कुणाचं लग्नाआधीच टक्कल पडायला लागलं, सगळं मला ठाऊक. पण त्या कारखान्यात आत काय फिरतं ते मला ठाऊक नाही. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. केस कापून घेताना माणूस सासूबद्दल बोलतो. युरेनियमबद्दल नाही बोलत."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला. मग त्यांनी एक कोरा कागद आणि पेन काचेखालच्या फटीतून पुढे सरकवलं.

"त्यांची नावं लिहा. तुम्ही सहकार्य केलंत तर अर्जाला मदत होईल."

उस्तादाने पेन उचललं. हे खरं आहे, त्याने उचललं. डोळ्यांसमोर फहीमेचं सुजलेलं तोंड होतं, न जन्मलेल्या बाळाचं डोकं होतं. आणि लगेच दुसरी डोकी येऊन उभी राहिली. कॅन्टीनमधला तो आचारी, ज्याच्या कानामागे भाजल्याचा डाग आहे. बापाच्या मयतीच्या दिवशी येऊन खुर्चीत ढसाढसा रडलेला तो वीजतंत्री. नावं तर सगळी जिभेवर होती. त्याने पेन खाली ठेवलं.

"माणूस माझ्यापुढे मान उघडी टाकून डोळे मिटून बसतो," तो म्हणाला. "माझ्या हातात वस्तरा असतो. तरी तो घोरतो. त्याचं नाव मी तुम्हाला कसं देऊ?"

बाईंनी कोरा कागद परत घेतला आणि त्याजागी एक रंगीत चिठ्ठी दिली. तिच्यावर छापलं होतं: अर्ज पडताळणीसाठी ठेवला आहे.

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही. परिस्थितीवर आहे."

"कसली परिस्थिती? माझी मुलगी बाळंत होतेय, ही परिस्थिती!"

पण तोवर पुढच्या माणसाचा नंबर पुकारला गेला होता.

फहीमे फोनवर एकदम फुटली. "एक शब्द, बाबा! एक 'नाही' तुम्हाला धरून ठेवता आला नाही? गावातली ती टाळकी तुम्हाला माझ्या बाळापेक्षा जास्त झाली?"

"जास्त नाही, पोरी."

"मग?"

तो येरेवानच्या फुटपाथवर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालू लागला. आपण बरोबर केलं असं त्याला एका क्षणी वाटे आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटे.

तो गावी परतला आणि आगीतून फुफाट्यात पडला. दुकान उघडलं त्याच आठवड्यात एक अनोळखी गृहस्थ दाढी करायला आले. साधे कपडे, चकचकीत बूट. साबणाचा फेस लावून झाल्यावर त्यांनी आरशातून विचारलं, "परक्यांच्या वकिलातीत गेला होतात. काय विचारलं त्यांनी?"

"कारखान्यातल्या कुणाला ओळखता, म्हणून विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सगळ्यांना ओळखतो म्हणालो."

"आणि कुणाकुणाची नावं दिलीत?"

उस्तादाने वस्तरा बाजूला ठेवला. "साहेब, त्यांना पण नावंच हवी होती. तुम्ही आणि ते एकदा समोरासमोर बसा ना. प्रश्न तुमचे एकसारखेच आहेत, उत्तरंही एकमेकांना देऊन टाका. मधल्या मधे माझं डोकं कशाला खाता? नाव एकाचंही दिलं नाही. दिलं असतं तर आज इथे तुमची दाढी करत नसतो, नातीला खेळवत असतो."

गृहस्थांनी आरशात बघत मान तिरकी केली. मग म्हणाले, "कल्ले जरा वर घ्या." पुन्हा कधी ते आले नाहीत.

नात त्याआधीच झाली होती. नाव ठेवलं नहाल, म्हणजे रोपटं. डोकंभर काळंभोर जावळ घेऊनच ती आली. लेकीचा राग बाळंतपणाच्या कळांबरोबर ओसरला, पण हट्ट तसाच राहिला. "या डोक्याला बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही," तिने जाहीर केलं. "व्हिसाची चिठ्ठी सुटेल, बाबा येतील, मगच जावळ."

चिठ्ठी काही सुटेना. सुटणार कशी? तिकडे त्या अणूवरून मोठमोठ्या लोकांच्या वाटाघाटी चालल्या होत्या. कधी व्हिएन्नात, कधी मस्कतला. उस्तादाच्या दुकानात कोपऱ्यात टीव्ही होता, आणि त्याखालच्या बाकावर त्याचा बालमित्र हाज सफर, नासपतीचा बागायतदार, सकाळपासून ठाण मांडून बसे.

"या फेरीत जमतंय बघ," हाज सफर म्हणे. "आपला मंत्री हसत बाहेर आला."

"हसतो कसला, दात दुखत असतील."

"निवेदन आलंय. चर्चा विधायक वातावरणात झाली म्हणे."

"मागच्या खेपेलाही विधायकच होती. कोणी किती टक्के शुद्ध करायचं, कोणी आधी निर्बंध उठवायचे, कोणी नंतर. अरे, दोन शेजारणी पाटाच्या पाण्यावरून भांडल्या तर त्यासुद्धा संध्याकाळी दमून घरी जातात! यांना घरी बायका वाट बघत नाहीत का?" उस्ताद कात्री हवेतच चालवी. खुर्चीतलं गिऱ्हाईक कान सांभाळून बसे.

नहालचं जावळ मात्र कुणाच्या निवेदनासाठी थांबत नव्हतं. दर शुक्रवारी फोनच्या पडद्यावर ते वाढलेलं दिसे. आधी कानावर आलं, मग मानेवर, मग डोळ्यांत. पोरगी रांगायला लागली ती केसांच्या पडद्याआडून बघत. पाळणाघरातल्या बाई चिमटे लावून देत, ती ते उपटून तोंडात घाली. एका शुक्रवारी तिचे डोळे लाल दिसले.

"केस जातात डोळ्यांत," फहीमे म्हणाली. "डॉक्टर ओरडले आज. पण आता नवी फेरी आहे ना, बाबा? बातम्यांत सांगत होते..."

"काढून टाक," उस्ताद म्हणाला.

"बाबा!"

"मोठ्यांच्या भांडणात लेकराचे डोळे नकोत जायला. नवऱ्याला सांग तुझ्या, कामयारच्या हातून काढून घे. मी इथून दाखवतो. मी बघतोय म्हणजे माझ्याच हातचं झालं."

हे बोलताना त्याचा आवाज ठाम होता. फोन ठेवल्यावर मात्र त्याने आलेल्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून परत पाठवलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसला. वडिलांचा वस्तरा त्याने चामड्यावर घासला, पुसला, पुन्हा घासला. त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्याला माहीत होतं.

ठरलेल्या दुपारी त्याने टीव्ही बंद केला. हाज सफर नुक्लांचं, साखरेत घोळलेल्या बदामांचं, ताट घेऊन आला होता. जावळाच्या वेळी गोड वाटायची रीत होती. उस्तादाने धुतलेला सदरा घातला होता. पोरांची जावळं काढताना खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची फळी त्याने काढली, पुसली आणि टाकली. तिच्यावर पांढरी चादर पसरली. तिच्या काठावर त्याच्या बायकोने, तूबाने, कधीकाळी टाके घातले होते. फहीमेचं जावळ याच चादरीवर निघालं होतं. खुर्ची रिकामी होती, पण चादर त्याने नीट चापून बसवली. मग फोन आरशाला टेकवून ठेवला.

पडद्यावर फहीमेच्या मांडीवर नहाल होती. कामयार कात्री धरून घामाघूम झाला होता.

"हात सैल सोड, जावईबापू! लिंबू पिळायचं नाहीये," उस्ताद म्हणाला. "कानापासून सुरू कर. डाव्या हाताची दोन बोटं कानावर ठेव, म्हणजे कात्री लागली तर तुझ्या बोटाला लागेल. हं. असं. फहीमे, तू रडू नको, ती तुझ्याकडे बघून रडेल. गाणं म्हण तिला."

पहिली बट पडली. हाज सफर हात वर करून शुभ बोलला. नहाल रडली नाही. उलट डोळ्यांवरचा पडदा एका बाजूने उघडल्यावर तिने सरळ फोनकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच तिला आजोबा नीट दिसले. ती हसली. वर दोन दात होते.

"हलका आहे रे हात तुझा," उस्ताद आरशाकडे वाकत म्हणाला. "आता दुसरी बाजू. वळव तिला हळूच..."

चित्र थबकलं.

उस्ताद थांबला. गाणं तुटलं होतं. कामयारचा हात हवेत राहिला होता आणि नहाल, अर्धं डोकं भादरलेली आणि अर्धं झिपरं, तोंड उघडं टाकून हसत होती. शेजारच्या कबाबवाल्याचा टीव्ही मोठ्याने ओरडायला लागला. चर्चा फिसकटली होती. शिष्टमंडळं उठून गेली होती. रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, की नेट बंद केलंय, सगळीकडेच.

"वळव तिला," उस्ताद पडद्याला म्हणाला. "मानेखाली हात दे."

"नुसरत," हाज सफर हळू आवाजात म्हणाला.

"मानेपाशी केस बारीक असतात, तिथे घाई करू नको..."

"नुसरत, गेलं ते. येईल संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळपर्यंत येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मागच्या खेपेला कित्येक दिवस आलं नव्हतं. पडदाही विझला आणि त्यात उस्तादाला स्वतःचंच तोंड दिसलं. त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण कुणाला द्याव्यात ते त्याला ठरवता येईना. इतके लोक होते.

त्याने फोन आरशापासून काढून खिशात ठेवला. चादरीची चारी टोकं सांभाळून गोळा केली, जावळ सांडू नये म्हणून गोळा करतात तशी, आणि दारात जाऊन ती झटकली. एकही केस पडला नाही. तरी हाज सफर ताट झाकत जरा बाजूला सरकला.