तीन लाल ठिपक्यांचे घड्याळ

मी एक जुने, किल्लीचे मनगटी घड्याळ आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी पक्का जळकुकडा आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार समजूतदारपणाचा आव आणतात. मला तो जमत नाही. मला दुसऱ्या घड्याळाचे कौतुक सहन होत नाही, कधीच झाले नाही.

हे दुखणे जन्मापासूनचे आहे. कारखान्यात एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझे काटे बसवले. माझ्या पांढऱ्या तबकडीवर बारा ठळक काळे आकडे आहेत. मला वाटले, आपल्यासारखे देखणे आपणच. मग मी दुकानाच्या काचेच्या कपाटात गेलो आणि शेजारी एक सोनेरी घड्याळ येऊन बसले. गिऱ्हाईक आले की नजर त्याच्याकडे, आणि त्याची किंमत ऐकली की हात माझ्याकडे. वर्षभर मी हा अपमान गिळला.

शेवटी मला एका बाईने घेतले. तिला एका शाळेत घंटा देण्याची नोकरी लागली होती. शाळेतली मुले तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. शाळेच्या व्हरांड्यात एक जाड पितळी थाळी टांगलेली होती. मावशी लाकडी हातोड्याने तिच्यावर ठोका देई आणि चारशे मुले उठत, बसत, पळत, घरी जात. आता तुम्हीच सांगा, ती शाळा कोणाच्या इशाऱ्यावर चालत होती? माझ्याच.

पण एक गुपित होते आणि ते फक्त तिघांना माहीत होते. मावशीला, तिच्या मुलीला आणि मला. मावशीला आकडे वाचता येत नव्हते. हिशेब तोंडी पक्का, नोटा रंगावरून ओळखायची. पण माझ्या तबकडीवरचे बारा आकडे तिच्या लेखी नुसती नक्षी होती. नोकरी मागताना हे तिने कोणाला सांगितले नव्हते. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने तोड काढली. नेलपॉलिशच्या बाटलीतून तीन लाल ठिपके तिने माझ्या काचेवर दिले. एक बाराच्या वर, एक चाराच्या वर, एक आठाच्या वर.

शाळेचा एक तास चाळीस मिनिटांचा आणि मधली सुट्टी वीस मिनिटांची. मोठ्या काट्याला एका ठिपक्यावरून पुढच्या ठिपक्यावर जायला वीस मिनिटे लागतात. म्हणजे तासाला एक ठिपका सोडायचा आणि दुसऱ्यावर घंटा द्यायची. सुट्टीला पहिल्याच ठिपक्यावर. सकाळची पहिली घंटा मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फाटकातून आत आल्या की. त्या बरोबर अकराला येत. संपले शाळेचे वेळापत्रक! रोज सकाळी मुलगी मला किल्ली देऊन वेळ लावून देई आणि मावशी दिवसभर ठिपके बघे. अशी आठ वर्षे गेली. एकदाही घंटा चुकली नाही. बदलीवर आलेले एक गुरुजी तर म्हणाले होते, "अशी वक्तशीर घंटा मी कुठल्याच शाळेत ऐकली नाही." मी आठवडाभर फुगून चालत होतो.

आणि मग मी मागे पडू लागलो. आधी दिवसाला दोन मिनिटे, मग तासाला दोन मिनिटे. आतली चाके झिजली होती. गणिताचा तास लांबू लागला तशी मुले कुरकुर करू लागली. शाळा उशिरा सुटू लागली तशा फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आया कुरकुर करू लागल्या.

मोठ्या बाईंनी मावशीला बोलावून घेतले. "मावशी, परीक्षा तोंडावर आलीय. तुमचं घड्याळ बदला, नाहीतर मी सरळ विजेची घंटा बसवून घेते. बटण दाबलं की झालं. तुम्ही मग झाडलोट तेवढी बघा."

मावशी मान हलवून बाहेर आली. त्या दिवशी थाळी पुसताना तिचा हात बराच वेळ थाळीवरच राहिला. झाडणारे शाळेत आणखी दोघे होते. घंटा देणारी ती एकटीच होती.

रविवारी आम्ही तिघे घड्याळाच्या दुकानात गेलो. मी तिच्या मनगटावर होतो, म्हणजे माझ्याच जागेसाठी माणूस निवडायला मला नेले होते! दुकानदाराने मला कानाशी धरले आणि तोंड वाकडे केले.

"ताई, हे आता आराम मागतंय. दुरुस्तीला जेवढे घालाल तेवढ्यात नवं येईल. कितीपर्यंत दाखवू?"

"स्वस्तात स्वस्त दाखवा," मावशी म्हणाली, "पण लबाड नको."

दुकानदार हसला आणि एकेक घड्याळ काचेवर मांडू लागला. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पहिले नुसते चौकोनी आकडे लुकलुकवणारे, त्याला काटेच नव्हते. मावशीने ते विंचू असल्यासारखे दूर सारले. मला जरा बरे वाटले. दुसरे बायकी, नाजूक, तबकडी नखाएवढी. तिसरे चांगले होते. मोठी तबकडी, स्पष्ट आकडे, जवळजवळ माझाच धाकटा भाऊ. मुलीने ते उचलून घेतले.

"आई, हेच घे. याच्यावर आकडे आहेत. मी तुला वाचायला शिकवते. ठिपके किती दिवस पुरवायचे?"

किंमत ऐकून मावशीने ते खाली ठेवले. चौथे त्याच्याहून बरेच स्वस्त होते. सेलवर चालणारे, काळा प्लॅस्टिकचा पट्टा, पांढरी मोठी तबकडी, आणि आकड्यांच्या जागी बारा सारख्या काळ्या रेघा.

"काच सपाट आहे ना हो?" मावशीने विचारले. "वर काही लावलं तर निघून नाही ना जाणार?"

दुकानदार चक्रावला. "लोक पाण्यात चालेल का विचारतात. काचेवर काय लावणार तुम्ही?"

मुलीने आईला कोपऱ्यात ओढले. "आकड्यांचं घे ना गं! थोडेच तर जास्त आहेत."

"जे मला वाचता येत नाही त्याचे जास्तीचे पैसे मी का देऊ?" मावशी कुजबुजली. "तू ठिपके दे म्हणजे झालं."

"मी नाही देणार या वेळी. तू शिकायचंस."

"बरं, नको देऊस."

दुकानदाराने पट्टा सोडून मला काढले. मनगटावर माझ्या आकाराची एक फिकट गोल खूण होती. आठ वर्षांची खूण! त्यावर ते नवे घड्याळ जाऊन बसले आणि त्याने ती सगळी झाकून टाकली. मला कागदात गुंडाळून पिशवीत टाकले. त्या क्षणी मी त्या नव्याला मनापासून म्हणालो, जा, तुझे काही भले होणार नाही.

मित्रांनो, असे म्हणू नये. पण मी म्हणालो.

सोमवारी परीक्षा होती. मावशी शाळेत लवकर आली, हातोडा ठेवायच्या खोलीत शिरली आणि पिशवीतून मला आणि नेलपॉलिशची बाटली काढली. मुलीने नाही म्हटल्यावर ती स्वतःच ठिपके देणार होती. आठ वर्षे जे माझ्या कपाळावर मिरवले, ते आता त्याच्या कपाळावर! मला बघवेना. तिने आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवले. कोणती बाजू वर, हे कळायला तिला खूण हवी होती. तिने काय केले, माझी किल्ली आणि त्याची काटे फिरवायची किल्ली एकाच दिशेला आणली. मग माझे ठिपके बघून बघून त्याला दिले.

आता गंमत ऐका. माझी किल्ली बरोबर तीनच्या आकड्यापाशी आहे. त्या नव्या साहेबांची किल्ली जराशी खाली, चौथ्या रेघेपाशी होती. त्यामुळे सगळेच ठिपके एकेक घर पुढे सरकले. त्याच्यावर आकडे असते तर मावशीला निदान नक्षी तरी वेगळी दिसली असती. रेघा बिचाऱ्या सगळ्या सारख्या. मी सगळे बघत होतो. ओरडावेसे वाटले नाही. उलट मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

अकराला मोठ्या बाई फाटकातून आल्या. मावशीने नव्या घड्याळाकडे पाहिले. मोठा काटा ठिपक्यापर्यंत पोचलाच नव्हता. "आज बाई लवकर आल्या," असे पुटपुटत तिने घंटा दिली. पहिला पेपर दोन तासांचा होता. काटा त्या ठिपक्यावर पोचल्यावर मावशीने तिथून पुढचे सहा ठिपके बोटांवर मोजले आणि सहाव्याला मन लावून ठोका दिला. तेव्हा एक वाजून पाच मिनिटे झाली होती.

मोठ्या बाई तरातरा व्हरांड्यात आल्या. "पाच मिनिटं जास्त! सगळ्या वर्गांना! नवं घड्याळ घेतलंत ना?" त्यांनी मावशीचा हात धरून घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिले. "हे तर बरोबर चालतंय. मग? किती वाजलेत, सांगा बघू."

मावशीची नजर ठिपक्यांवरच. मोठ्या बाईंनी काचेवर बोट टेकवले. बोटाखाली लाल ठिपका आला. ठिपके अगदी ताजे, चकचकीत होते.

"हे काय आहे?"

मग मावशीने सांगितले. व्हरांड्यात उभ्या उभ्या, खाली बघत, सगळे सांगितले. मी पिशवीत होतो. माझ्या उकळ्या कुठल्या कुठे गेल्या. मला त्या नव्याची फजिती हवी होती. फजिती झाली ती हिची. घड्याळाला कोणी एक शब्दही बोलले नाही, ते आपले बिनचूक टिकटिक करत राहिले.

"आठ वर्षं..." मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी मावशीचा हात सोडला. मग म्हणाल्या, "मावशी, मला वाईट वाटतंय. पण मी वायरमनला बोलावते. असं नाही चालणार."

"आठ दिवस द्या, बाई."

"आठ दिवसांत काय होणार आहे?"

"तुम्ही विचाराल तेव्हा वेळ सांगेन."

त्या संध्याकाळी मुलीने नव्या घड्याळावरचे ठिपके खरवडून काढले. मग मला उचलले आणि माझेही काढले. मला अगदी उघडे पडल्यासारखे झाले. "आकडे याच्यावर आहेत," ती म्हणाली, "आपण याच्यावर शिकू."

नवे घड्याळ खिळ्याला टांगलेले होते आणि मी मावशीच्या तळहातावर. माझी किल्ली ओढून मुलगी काटे हवे तिकडे फिरवी आणि विचारी, "आता?" मावशी कपाळाला आठ्या घालून सांगे. साडेचारला सव्वासहा म्हणे. पावणेदोन म्हणताना लहान काटा दोनाच्या अलीकडेच का, यावर दोघींचे रोज भांडण होई. "तोंडाने म्हणायचं दोन आणि काटा दोनावर पोचलेलाच नाही! हे कुठलं शहाणपण?" मावशी चिडे. मुलगी हसून हसून आडवी होई. मी सारखा खिळ्याकडे बघत होतो. बघ म्हटले, बघ, मला हातात घेतले आहे.

पण मित्रांनो, त्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळली आणि ती फार लागली. आठ वर्षे मावशी दिवसातून पन्नास वेळा माझ्याकडे बघत होती असे मी समजत होतो. ती ठिपक्यांकडे बघत होती. माझे आकडे तिने आत्ता पहिल्यांदा पाहिले. म्हणजे इतकी वर्षे मला ठिपक्यांचा हेवा वाटायला हवा होता, आणि मला ते माहीतसुद्धा नव्हते!

आठव्या दिवशी मधल्या सुट्टीत मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या. बरोबर वायरमन होता, खांद्यावर तारेचे वेटोळे. मुले डबे आवरत होती. मावशीच्या मनगटावर नवे घड्याळ होते, मी तिच्या मुठीत.

"मावशी, किती वाजलेत?"

मावशीने नव्या घड्याळाकडे पाहिले. बारा कोऱ्या रेघा. ती शिकली होती माझ्यावर, आकड्यांवर. कोणत्या रेघेला कोणता आकडा, ते तिला लागेना. वायरमनने खांद्यावरची तार खाली ठेवली. मग मावशीने मूठ उघडली आणि मला नव्या घड्याळाशेजारी धरले. किल्लीशी किल्ली नाही, या वेळी वरची बाजू वरच्या बाजूला. माझे काटे भलत्याच वेळेवर थांबलेले होते, त्यांच्याकडे तिने पाहिलेही नाही. काटे तिने त्याचे घेतले आणि आकडे माझे. बोटाने एकेक रेघ मोजत गेली.

"एक वाजून... वीस," ती म्हणाली. मग पुन्हा वाकून पाहिले. "नाही. अठरा. सुट्टी संपायला दोन मिनिटं आहेत अजून."

मोठ्या बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिले. वायरमन शिडी लावायला निघाला होता, त्याला त्या म्हणाल्या, "थांबा. घंटा होऊ द्या आधी."

दोन मिनिटे आम्ही सगळे तिथेच उभे होतो. मग मावशीने मला खिशात ठेवले, हातोडा उचलला आणि ठोका दिला. वायरमन चहा पिऊन, तारेचे वेटोळे उचलून परत गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी मावशीला रेघा नुसत्या बघून वेळ सांगता येऊ लागली. माझी गरज संपली. आता मी कपाटाच्या खणात असतो. ती रोज सकाळी खण उघडते, नवे घड्याळ काढते, मनगटावर बांधते आणि स्वतःच मोठ्याने वेळ वाचते. मला ऐकू येते. मी आजही जळतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे असे एखादे जुने घड्याळ असेल, ज्याच्यावर घरातले कोणीतरी पहिल्यांदा वेळ वाचायला शिकले असेल, तर त्याला कधीमधी बाहेर काढा. किल्ली नाही दिलीत तरी चालेल. नुसते हातात घ्या आणि एकदा त्याच्या आकड्यांकडे नीट बघा. आणि तेवढेही जमले नाही, तर निदान नव्या घड्याळाची काच त्याच्यासमोर पुसत बसू नका.